सोवळ्यातलं दुखणं

बंगळूरहून परत आलो तेव्हा शिक्षकांच्या खोलीत सगळ्यांनी एकच प्रश्न विचारला, "काय काय पाहिलंत?" मी म्हणालो, "लालबाग." ते खोटं नव्हतं, लालबाग मी पाहिली. पण तिच्याआधी त्या शहरात जे पाहिलं ते चारचौघांत सांगण्याजोगं नव्हतं. स्टेशनच्या कोणत्या टोकाला संडास आहे, चिकपेठेतल्या कोणत्या बोळातल्या संडासाला कडी नाही, कोणत्या हॉटेलचा मालक गिऱ्हाईक नसलेल्या माणसालाही मागच्या अंगणात जाऊ देतो. मी बेळगावच्या शाळेत भूगोल शिकवतो. नकाशे काढायची सवय आहे. बंगळूरचा माझा नकाशा हा असा होता.

तीन-चार वर्षं मला पोटाचं दुखणं होतं. दुखणं म्हणजे जुलाब, त्यातून रक्त, आणि घाई अशी की फळ्यावर सह्याद्री काढता काढता खडू टाकून पळावं लागे. अंगावरचा कोट हँगरला टांगल्यासारखा दिसू लागला होता. हे मी कोणालाही सांगितलं नाही. बायकोलाही नाही. आमच्या घरात असल्या गोष्टी बोलत नसत. शिवाय रक्त म्हणजे काय असणार, याचा मी मनाशी लावलेला अर्थ मोठ्याने उच्चारायची माझी छाती नव्हती.

मग मी एक युक्ती केली. सोवळं पाळायला लागलो.

पहाटे अंधारात उठायचं, मागच्या दाराने जायचं, अंघोळ करायची, आपलं धोतर आपणच धुवायचं आणि काठीने उंच दांडीवर वाळत टाकायचं. "शिवू नका," असं बजावून ठेवायचं. दुसऱ्याच्या घरी जेवायचं नाही, लग्नकार्याला पंगतीत बसायचं नाही. दुखण्याची एकूण एक अडचण सोवळ्यात बसत होती. थोरले बंधू, ज्यांना आम्ही दादा म्हणतो, सुरुवातीला थट्टा करत. पुढे तेही "आमचा भाऊ फार कडक आहे हो," असं अभिमानाने सांगू लागले. गल्लीतले लोक सत्यनारायण सांगायला मला बोलावू लागले. मी तासभर बसू शकत नाही हे मला ठाऊक, म्हणून मी नाही म्हणायचो. त्याने तर मान आणखीच वाढला.

पण सोवळ्यातल्या माणसाला सोवळ्यातलाच स्वयंपाक लागतो. तो कोण करणार? माझी बायको, कमल. घरातले सगळे उठायच्या आत आडावर अंघोळ करून, ओलेत्याने ती माझ्यापुरता मऊ भात आणि मुगाचं वरण वेगळं रांधायची. बेळगावची थंडी ज्यांना ठाऊक आहे त्यांना जास्त सांगायला नको. तिच्या हातांना भेगा पडत. मी ते पाहत असे, आणि जेवत असे.

एका सकाळी आडापाशीच घेरी येऊन पडलो. आमच्या डॉक्टरांना मी कधी तपासू दिलं नव्हतं. "मूळव्याध आहे," एवढंच सांगून पुड्या आणायचो. या वेळी त्यांनी डोळ्यांच्या पापण्या खाली ओढून पाहिल्या आणि दादांना म्हणाले, "अंगात रक्त राहिलेलं नाही. माझ्या पुड्यांचं हे काम नाही. बंगळूरला न्या, आणि लवकर न्या."

दादाच मला घेऊन निघाले होते. कमल म्हणाली, "मी जाते. माझं माहेर गोकाककडचं, मला कन्नड येतं." घरात इतक्या ठामपणे ती पहिल्यांदाच बोलली असेल.

चिकपेठ

आम्ही उतरलो ते कमलच्या मावशीच्या सासरकडच्या नात्यात. तीनशे वर्षांपूर्वी मराठ्यांच्या फौजेबरोबर इकडे आलेलं घराणं. घरात मराठीच बोलतात, पण ती मराठी ऐकायला कान थोडा तिरपा करावा लागतो. घराचे कर्ते रेशमाच्या दुकानात कामाला होते. त्यांना सगळी गल्ली अण्णा म्हणते, म्हणून आम्हीही अण्णा म्हणालो, आणि त्यांच्या पत्नीला अक्का.

"या, या. बैसा. स्वल्प काफी घ्या," अण्णा दारातच म्हणाले. "प्रवास सरी झाला ना?"

मी सोवळ्याचा विषय काढला. अण्णांनी हात जोडले. "अक्का तुमच्यापुरतं वेगळं करील. काळजी बेडा." बेडा म्हणजे नको. अक्कांनी चुलीकडे पाहिलं. कमल लगेच म्हणाली, "मी करीन."

बंगळूरमध्ये दोन माणसं भेटली की नमस्काराच्या जागी "ऊट आय्ता?" म्हणतात. म्हणजे जेवण झालं का. दूधवाली विचारते, शेजारी विचारतो, रस्त्यात भेटलेला अण्णांचा स्नेही विचारतो. तिथे तो निव्वळ जिव्हाळा. पण जेवणाला घाबरणाऱ्या माणसाला तो उलटतपासणीसारखा वाटतो. आमच्याकडे लोक "बरं आहे ना?" म्हणतात आणि उत्तराची वाट न पाहता पुढे जातात. मला ते सोयीचं होतं.

संध्याकाळी ओट्यावर अण्णांनी विचारलं, "काय त्रास आहे, स्पष्ट सांगा. माझ्या ओळखी पुष्कळ."

आता सांगायला हवं होतं. इतक्या लांब त्यासाठीच आलो होतो. आतल्या दाराशी कमल तांदूळ निवडत बसली होती. मी म्हणालो, "मूळव्याध."

"एवढंच?" अण्णांचा चेहरा उजळला. "अहो, येलहंक्याला एक वैद्य आहे. मूळव्याधीवर त्याच्यासारखा हात नाही. माझ्या साडूला बसता येत नव्हतं, आता सायकल मारतो!"

तांदूळ निवडायचा आवाज थांबला होता. थोड्या वेळाने तो पुन्हा सुरू झाला.

येलहंका

बंगळूरच्या उत्तरेला येलहंका हे जुनं गाव आहे. वाटेत नाचणीची शेतं, मधूनच द्राक्षांचे मांडव, लाल माती. हवा अशी की नोव्हेंबरातल्या बेळगावची आठवण यावी. अण्णांना सुट्टी नव्हती, म्हणून आम्ही दोघंच बसने निघालो. मी खिडकीशी बसून मैलाचे दगड पाहत होतो. मला त्यांच्यामधली झाडी मोजायची सवय होती.

वैद्यबुवांनी मला पालथं पाडून दोन क्षण पाहिलं, मलमाची डबी हातात दिली आणि वर एक काढा पाजला. काढा रेचक होता. मूळव्याधीला पोट साफ हवं, त्यांचं काही चुकलं नाही. मी जे सांगितलं त्याचं त्यांनी औषध दिलं.

परतीच्या बसमध्ये गाव मागे पडलं न पडलं तोच पोटात कळ आली. पुढचा थांबा कुठेच दिसत नव्हता. दोन्ही बाजूंना गुडघाभर नाचणी. मी पुढच्या बाकाची दांडी धरली, डोळे मिटले. आणि शेजारून एवढा मोठा आवाज आला की कोणी दुसरीच बाई ओरडतेय असं मला वाटलं.

"निल्लस्री! बस निल्लस्री!"

कंडक्टर म्हणाला, इथे थांबा नाही. ती कन्नडात म्हणाली, "थांबा तुझ्या तिकिटावर असेल. माणूस आजारी आहे. थांबव!" मागे बसलेली एक म्हातारी म्हणाली, "थांबव रे बाबा, तुलाही पोट आहे." बस हसली आणि थांबली.

मी शेतात कसा पोचलो ते आठवत नाही. वेळेत पोचलो नाही, एवढं आठवतं. कमल माझ्याकडे पाठ करून, रस्त्याच्या बाजूला आपली शाल दोन्ही हातांनी पसरून उभी होती. वाऱ्याने शाल फडफडत होती आणि तिने ती धरून ठेवली होती. बसमधले लोक शहाण्यासारखे दुसऱ्या खिडक्यांतून पाहत होते.

मी काहीतरी म्हणालो. बहुतेक "तू जा," असं म्हणालो असेन.

तिने न वळता खांद्यावरची पिशवी मागे सरकवली. तिच्यात पाण्याने भरलेला फिरकीचा तांब्या होता, मऊ झालेल्या जुन्या पातळाचे तुकडे होते, आणि अगदी खाली, घडी केलेलं माझं एक धोतर होतं. मी ते ओळखलं. दांडीवरचं एक धोतर हरवलं म्हणून गेल्या दिवाळीत मी घर डोक्यावर घेतलं होतं.

"कधीपासून ठेवतेस हे बरोबर?" मी विचारलं.

"घाला आधी," ती म्हणाली. "बस थांबलीय."

दंडू

त्या दिवशी दुपारी मी नुसता पडलो असताना स्वयंपाकघरात कमल आणि अक्का बोलत होत्या. कन्नडात. मला कळू नये म्हणून असेल, पण भिंत पातळ होती, आणि मला कन्नड बोलता धड येत नसलं तरी समजतं.

"मूळव्याध नाही, अक्का. आतून रक्त येतं. ताप येतो. रात्रभर उठतात."

"अय्यो! मग अण्णांना सांगितलं का नाही गं पहिल्या दिवशीच?"

"त्यांनी सांगायला हवं होतं. मी कशी सांगू?"

अक्का म्हणाल्या, त्यांचा भाचा यंत्रांच्या कारखान्यात आहे, तिथल्या एका फोरमनला असंच होत होतं. त्याला आव समजून सुया टोचून टोचून थकवला होता. शेवटी दंडूतल्या एका डॉक्टरने बरं केलं. दंडू म्हणजे छावणी, बंगळूरचा साहेबी भाग. "तो पोटाचंच बघतो. विलायतेहून शिकून आलाय. हे बेडा, ते बेडा करत बसू नका. उद्याच जा. मी अण्णांना सांगते."

संध्याकाळी अण्णा माझ्याजवळ येऊन बसले. मला वाटलं, आता बोलणी खावी लागणार. ते म्हणाले, "मास्तर, तुम्ही उत्तर सांगितलंत, मी दक्षिण दाखवली. चुकी माझीच समजा. उद्या सरी करू." त्यांना खरं तर उलटं म्हणायचं होतं, हे आम्हा दोघांनाही कळत होतं.

छावणीतले रस्ते रुंद, दोन्ही बाजूंना झाडांची कमान. लाल कौलांच्या एका बंगल्याच्या पडवीत डॉक्टरांचा दवाखाना होता. डॉक्टर पन्नाशीचे, हळू बोलणारे. मी कमलला बाहेर बस म्हणालो. डॉक्टर म्हणाले, "का? बसू द्या की."

त्यांनी विचारलं, "शौचाला किती वेळा जावं लागतं?"

"थोड्या वेळा," मी म्हणालो.

त्यांनी पेन खाली ठेवलं. "मास्तर, 'थोड्या'वर माझ्याकडे औषध नाही."

मी चष्मा पुसू लागलो. तेव्हा माझ्या खुर्चीमागून कमल कन्नडात म्हणाली, "दिवसाचं ते सांगतील, डॉक्टर. रात्रीचं मला विचारा."

आणि तिने सगळं सांगितलं. दुखणं कुठल्या पावसाळ्यात सुरू झालं, कुठल्या संक्रांतीला आपोआप थांबलं आणि मी किती आनंदात होतो, मग पुन्हा कसं आलं. रक्त कधी लाल, कधी काळपट. सांधे कधी धरतात. कळ आली की मी टॉवेल तोंडात धरतो, म्हणजे कोणाला ऐकू जाऊ नये. गेली काही वर्षं ज्या अंधारात मी एकटा आहे असं समजत होतो, त्यात माझ्यापासून चार हातांवर एक माणूस डोळे उघडे ठेवून पडलेलं होतं. मराठीत ती हे माझ्यासमोर कधीच बोलली नसती. कन्नड तिची लहानपणची भाषा. त्या भाषेत तिने माझ्यासमोर कधी मान खाली घातली नव्हती.

तपासणीचं वर्णन करत नाही. दिवा लावलेली एक नळी असते, एवढंच सांगतो. डाव्या कुशीवर, गुडघे पोटाशी घेऊन पडायचं. डॉक्टर प्रत्येक गोष्ट करण्याआधी सांगत होते, आता थोडी हवा जाईल, आता दुखेल, आता झालं. लाजेने माणूस मरत नाही, हे मला त्या टेबलावर कळलं. ते आधी कळलं असतं तर बरं झालं असतं.

नंतर त्यांनी आम्हा दोघांना समोर बसवलं. "मूळव्याध नाही. आव नाही. आणि ज्याला तुम्ही घाबरत होता, तेही मला आज दिसलं नाही. मोठ्या आतड्याच्या अस्तराला आतून सूज आहे, जखमा आहेत."

"कशाने होतं?" मी विचारलं.

"ते आम्हालाही अजून नीट ठाऊक नाही."

कमल पुढे झुकली. "खाण्याने?"

"नाही."

"म्हणजे... वरणात हिंग जास्त पडला, भात नीट शिजला नाही, तर?"

"नाही, अम्मा."

"माझ्या हातचं काही बाधलं असेल तर?"

डॉक्टरांनी तिच्याकडे नीट पाहिलं. "तुमच्या हातचं खाऊन ते आजवर टिकलेत," ते म्हणाले. तिने तोंड खिडकीकडे फिरवलं. बाहेर माळी हिरवळीवर पाणी मारत होता. ती बराच वेळ त्यालाच पाहत राहिली.

पिवळ्या गोळ्या मिळाल्या, आणि सुरुवातीला काही आठवडे घ्यायचं दुसरं एक जोरकस औषध. डॉक्टरांनी खोटी आशा दाखवली नाही. हे दुखणं झोपतं, जात नाही, असं ते म्हणाले. पुन्हा जागं झालं तर लपवायचं नाही, लगेच यायचं. औषधाने भागलं नाही तर आतडं काढायची शस्त्रक्रिया असते आणि पोटावर वाट करून द्यावी लागते, तेही सांगितलं. "पण ते आज नाही. आज गोळ्या. आणि रात्री यांना झोपू द्या."

यांना म्हणजे कमलला.

लालबाग

डॉक्टरांनी पुन्हा दाखवायला सांगितलं होतं, तोवर अण्णांकडेच राहिलो. पहिल्या दिवशी गोळ्यांनी लघवी हळदीसारखी पिवळी झाली आणि मी घाबरून अण्णांना जाऊन सांगितलं. स्वतःहून, मोठ्याने! अण्णा दाढी करत होते. वस्तरा थांबवून म्हणाले, "रक्त नाही ना? मग पिवळं असू दे. आमच्या मैसूरच्या झेंड्यातही पिवळं असायचं." अक्का आतून ओरडल्या, "सकाळी सकाळी काय बोलणं हे!" आणि हसत सुटल्या.

जेवणात अक्का नाचणीचे मुद्दे करत. वाफाळता गोळा. चावायचा नसतो, सारात बुडवून नुसता गिळायचा. आम्हा भाकरी चावणाऱ्यांना हे विचित्रच. मी पहिला घास चावला तेव्हा सगळं घर हसलं. अक्कांनी रांधलेलं मी त्यांच्या पंगतीत बसून जेवलो. सोवळ्याबद्दल कोणी काही विचारलं नाही, आणि मी काही सांगितलं नाही. हळूहळू रक्त कमी झालं. मग एका सकाळी ते नव्हतंच. मागच्या अंगणातून परत येताना माझी चाल काही वेगळी असावी, कारण ओट्यावर बसलेल्या कमलने विचारलं, "आय्ता?" मी म्हणालो, "आय्तु." झालं. अक्कांनी पदर तोंडाला लावला.

त्या दिवशी आम्ही लालबागेत गेलो. गुलाब होते, काचेचं मोठं घर होतं, सगळं लोक सांगतात तसंच. पण मला आवडला तो तिथला काळा खडक. उन्हाने कोमट झालेल्या त्या खडकावर बसलो. संडास कुठे आहे ते मी आल्या आल्या पाहून ठेवलं होतं आणि नंतर विसरूनही गेलो होतो.

"मी सोवळं कशासाठी पाळत होतो, तुला ठाऊक होतं?" मी विचारलं.

"धोतरावरून आठवड्यातच कळलं."

"मग तू ओलेत्याने रांधत का राहिलीस? थंडीत?"

"थंडीचं काही नाही हो. थंडी सोसते." ती खडकावरचं वाळकं पान उचलून त्याच्या शिरा सोलत होती. "तुम्ही मागच्या दाराने गेलात की मी आठवत पडायची. काल काय केलं होतं मी? काय बाधलं? वाटायचं, माझ्याच हातात काहीतरी आहे. तुम्हाला ते कळलंय, पण मला वाईट वाटू नये म्हणून लपवताय."

मला वाटत होतं मी माझी लाज लपवतोय. ती लाज तिकडे कमलच्या वाट्याला गेली होती, आणि तिने ती आपलीच समजून सांभाळली होती. मी तिचा हात घेतला. भर बागेत, दिवसाउजेडी. बेळगावात हे झालं नसतं. भेगांवरून बोट फिरवलं आणि म्हणालो, "चुकलो." एवढंच सुचलं. एरवी तास तास बोलणारा माणूस मी.

ती म्हणाली, "हात सोडा, माळी बघतोय." पण तिने तो काढून घेतला नाही.

बेळगाव

घरी आल्यावर पहिल्याच संध्याकाळी ओसरीवर दादांना, वहिनींना आणि मुलांदेखत सगळं सांगितलं. दुखण्याचं, धोतराचं, सोवळ्याचं. दादा पुष्कळ वेळ सुपारी कातरत राहिले. "म्हणजे तू कडक वगैरे काही नव्हतास," ते शेवटी म्हणाले.

"नाही."

"मी साऱ्या गल्लीला सांगितलं होतं रे." मग अडकित्ता बाजूला ठेवला. "उद्यापासून तुझं जेवण सगळ्यांबरोबर. आणि कमलने पहाटे आडावर जायचं नाही."

शाळेत मात्र मी "लालबाग" म्हणून सुटलो, आणि ते मनाला लागून राहिलं. म्हणून हे लिहिलं. वाचणाऱ्यांपैकी कोणी माझ्यासारखं अंधारात धोतर धूत असेल, तर त्याने निदान मूळव्याध म्हणू नये. त्या नावाने माणूस येलहंक्याला पोचतो.

दुखणं अजून झोपलेलं आहे. ते जागं होईल तेव्हा पुन्हा बंगळूरला जायचं, असं आमचं ठरलंय. पहाटे मला अजूनही जाग येते, ती सवय मोडत नाही. मी मागच्या दाराने जाऊन येतो. धोतरं आता घरच्या धुण्यात असतात. दांडीवर मुलांचे सदरे वाळतात. परत येताना अंथरुणातून, गोधडीत गुरफटलेला, अर्धवट झोपेतला आवाज येतो, "आय्ता?"

दादांच्या खोलीचं दार उघडं असतं. तरी मी अंगणातूनच, सगळ्या घराला ऐकू जाईल असं सांगतो, "आय्तु. झोप तू."

आणि ती झोपते.